हिंगाचा नमस्कार

"समारंभ पुढे ढकला, महाराज!" गोजरी भर दरबारात म्हणाली. "वसतिगृहात पोरं तापाने फणफणलीत. साथ हाताहातांतून पसरतेय."

गोजरी तेल्याची मुलगी, विद्यापीठात शिकणारी. दोन दिवसांनी पदवीदान होतं. सगळे विद्यार्थी रांगेने येणार, कुलगुरू वाचस्पतींच्या पायांना हात लावणार, तेच हात डोळ्यांना लावणार. पद्धतच तशी होती.

"विद्वानाला रोग शिवत नाही!" वाचस्पती म्हणाले.

विद्यार्थ्यांनाही ते पटलं होतं. साथीच्या रोगांवरचा अख्खा अध्याय त्यांना पाठ होता. आजारी मित्राच्या तांब्यातून पाणी पीत ते तो घडाघडा म्हणून दाखवत.

राजा हंबीर हट्टी. "जे मला कळत नाही, ते मी मानत नाही. रोग माणसामाणसांतून जातो म्हणतेस? उद्या दरबार उठायच्या आत मला पटवून दे. नाहीतर समारंभ होणार, आणि विद्यापीठातून तुझं नाव कटाप!"

"पटवते. पण कुणाला आजारी न पाडता."

"कसंही कर!"

दुसऱ्या दिवशी गोजरी सगळ्यांच्या आधी आली आणि वाचस्पतींच्या पायांवर दोन्ही हात ठेवून वाकली.

"आलं शहाणपण!" वाचस्पती खूश झाले.

मग रोजच्या रिवाजाप्रमाणे प्रधान वाकले, सरदार वाकले, शेवटी राजाही वाकला. धुपाचा धूर कोंदला होता. कामकाज चाललं. दुपारी राजा जेवायला आत गेला आणि तणतणत परत आला.

"आमच्या तान्ह्या राजपुत्राच्या गालांना हिंगाचा वास मारतोय! कुणाचा हा चावटपणा?"

"राजपुत्राचा गालगुच्चा कुणी घेतला?" गोजरीने विचारलं.

"मी!"

"मग हात हुंगा, महाराज."

राजाने हुंगला. प्रधानांनी आपला हुंगला. सरदारांनी मिशा हुंगल्या. वाचस्पतींना स्वतःच्या पायांपर्यंत वाकता येईना. इतक्या वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

"तेलात कालवलेला हिंग मी सकाळी एकाच माणसाच्या पायांना लावला," गोजरी म्हणाली. "राजपुत्र दरबारात आलासुद्धा नव्हता. तरी हिंग पोचला ना त्याच्या गालापर्यंत? हिंग होता म्हणून कळलं, महाराज. तापाला वास नसतो."

राजा हाताकडे बघत राहिला. मग एकदम खो खो हसत सुटला.

"समारंभ रद्द! साथ जाईपर्यंत वसतिगृहात हिचाच हुकूम चालेल!" गळ्यातला कंठा काढून तो पुढे आला.

"कंठा तिथंच ठेवा, महाराज. आधी हात धुवा."

राजा आणखी हसला.

"आणि मी काय करू?" वाचस्पतींनी घुश्शात विचारलं.

"तुम्ही वसतिगृहाच्या दारात बसा, गुरुजी. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांवर रिठ्याचं पाणी घाला. कोपरापर्यंत!"

"मंजूर!" राजा ओरडला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायला त्याने हात काही वर नेला नाही.