खेत्रोजीचे चूर्ण

एका डोंगराळ राज्यात एक नामांकित पागा होती. तीनशे घोडे, एकाहून एक तेजदार. पागेचा मुख्य होता खेत्रोजी. त्याच्या आजोबांनी घोड्यांच्या पोटातल्या जंतांवर एक जालीम चूर्ण शोधले होते. ते पोटात गेले की घोडा असा काही तरारायचा की शेजारचे राजे जळायचे. खेत्रोजीला त्याचा भारी अभिमान होता, आणि का नसावा?

दर अमावास्येला पागेत मोठा थाट असे. ढोल वाजत. तीनशेच्या तीनशे घोडे रांगेत उभे राहत आणि खेत्रोजी प्रत्येकाला गुळात घोळलेला चूर्णाचा गोळा स्वतःच्या हाताने चारी. आजारी असो की ठणठणीत, एकालाही सुटका नसे. एक जरी सुटला तरी पागेची अब्रू जाईल, असे त्याला वाटे.

एका वर्षी मात्र पागेतली चाळीस शिंगरे खंगू लागली. पोटे टम्म, केस राठ, बरगड्या वर आलेल्या. दोन दगावली. खेत्रोजी दर पंधरवड्याला चूर्ण देऊ लागला, तरी तिसरे गेलेच. त्याला जेवण गोड लागेना.

तेव्हा लीद भरणारी भागाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"धनी, रागावू नगा. आधी चूर्ण दिलं की लिदीत मेलेलं जंत पडायचं. आता पडत्यात ते वळवळत पडत्यात. तुमच्या चूर्णाला ते भीक घालत न्हाईत."

खेत्रोजीचे डोळे लाल झाले. आजोबांच्या चूर्णाला हिने नावे ठेवावीत?

"तोंड सांभाळ, भागाई!"

"सांभाळते. पर एकदा येऊन बगा तरी."

पागेच्या मुख्याने लिदीला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. खेत्रोजी क्षणभर घुटमळला. मग त्याला ती तीन शिंगरे आठवली आणि त्याने बाह्या सरसावल्या. दहा घोड्यांची लीद त्याने स्वतः चिवडून पाहिली. आठांच्या लिदीत जंत जिवंत होते. त्याला सारे उमगले. दर अमावास्येला नाजूक जंत मरत होते आणि चिवट तेवढे मागे उरत होते. आता पोटात आणि कुरणात त्यांचीच पिलावळ माजली होती.

गवताला दोष देऊन तो सहज सुटला असता. पण पंधरा दिवसांनी भर दरबारात तो ताठ उभा राहिला. "महाराज, माझे चूर्ण निकामी झाले आहे, आणि ते माझ्याच हाताने झाले."

राजाने विचारले, "दुसरे औषध नाही का?"

"आहे. डोंगरात एक कडू साल मिळते. तिने हे जंत मरतात, मी करून पाहिले आहे."

"मग येत्या अमावास्येला साऱ्या पागेला द्या. ढोल आम्ही पाठवतो!"

"नाही महाराज. सरसकट दिली तर तीही अशीच वाया जाईल. ज्याच्या लिदीत जंत दिसतील त्यालाच देईन, पण मात्रा पुरी देईन. कुरणातली लीद रोज उचलून घेईन. हे पटत नसेल तर पागा दुसऱ्या कोणाच्या हवाली करा."

राजाने मान डोलावली आणि तो म्हणाला, "पागा तुमचीच."

त्या अमावास्येला ढोल वाजले नाहीत. पागेचा मुख्य लिदीची पाटी घेऊन भागाईबरोबर कुरणात फिरताना पाहून लोक हसले. खेत्रोजीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढच्या वैशाखात उरलेली सदतीसच्या सदतीस शिंगरे त्याच कुरणात उधळत होती.

शेजारच्या राजाचा वकील ती साल मागायला आला. खेत्रोजीने मिशीला पीळ दिला आणि भागाईला मानाने पुढे बोलावले.

"साल मागाहून देतो. आधी या आमच्या भागाईबाईंकडून लीद बघायला शिका. अशी नजर आहे का कोणाची तुमच्या राज्यात?"

तात्पर्य: गुणकारी औषधही गरज नसताना उधळले की निकामी होते, आणि आपली चूक जो स्वतः तपासून चारचौघांत कबूल करतो, त्याचाच अभिमान खरा.