एक वॉटर

फार वर्षांपूर्वी एका रानात शाळेच्या खिडकीत बसून इंग्रजी शिकलेला राघू पंच मानला जाई. त्या उन्हाळ्यात रानात एकच डबकं उरलं. "प्रत्येकाला एक वॉटर!" राघूने ऐटीत निवाडा दिला.

गवा सर्वांत आधी आला. डबकं अर्धं झाल्यावरच त्याने तोंड वर काढलं.

"गवेदादा, हे काय?" राघू ओरडला.

"एकदाच तर प्यालो, पंच. झालं माझं एक वॉटर."

मग रानडुकरं आली, सांबरं आली. त्यांचंही एकेकच वॉटर झालं. शेवटी हरिणी पाडसाला घेऊन पोचली, तेव्हा तळाशी नुसता चिखल होता. पाडस तोच चाटू लागलं.

"आमचं एक कुठंय, राघूदादा?" तिने विचारलं. राघूला मान वर करवेना.

वॉटरला आकडा लागत नाही, आधी भांडं सांगावं लागतं, असं मास्तर शिकवायचे. राघूने ते कानाआड केलं होतं.

सकाळपर्यंत खड्ड्यात थोडं पाणी झिरपलं. राघूने कवठाची रिकामी करवंटी ओढत आणून काठावर ठेवली.

"प्रत्येकाला एक करवंटी पाणी," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिली पाडसाला."

गवा मागे सरला.