साळूला हसू आलं तेव्हा

फार जुन्या काळी, नदीच्या वळणावरच्या एका गावात साळू नावाची तेलीण राहत होती. तिचा नवरा म्हादू तेलाचा घाणा चालवायचा. घरात दिवसभर दोघांची थट्टामस्करी चालू असायची. एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि म्हादू गेला.

साळू रडली नाही. भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. कुणी घास पुढे केला की तोंड फिरवायची. वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, "अंगात आजार नाही, दुःख आत कोंडलंय. पण अशीच उपाशी राहिली तर ही हातची जाईल."

शेजारणी येऊन बसत, हलक्या आवाजात बोलत. साळूला त्रास नको म्हणून म्हादूचं नावही कुणी घेत नसे.

म्हादूची थोरली बहीण दिवसकार्य उरकूनही परत गेली नव्हती. एका दुपारी बसल्या बसल्या तिला काहीतरी आठवलं. हसू आलं, तसा तिने घाईने पदर तोंडाला लावला.

"काय झालं गं?" एका म्हातारीने विचारलं.

"आमच्या म्हादूची एक गंमत आठवली."

"ही काय गमतीची वेळ आहे? लोक काय म्हणतील?"

बहिणीने तोंडावरचा पदर खाली घेतला. भाऊ तिचाही गेला होता. तिने साळूच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि ठरवलं, लोक म्हणोत काय म्हणायचं ते.

"साळू, म्हादू तुला बघायला आला होता ना, तेव्हा तुझ्या वडिलांनी त्याचं नाव विचारलं. त्याने घाबरून बैलाचं नाव सांगितलं, ढवळ्या!"

साळूने मान वर केली नाही.

"पण पुढचं तुला ठाऊक नाही. परत येताना तो वाटभर घोकत होता, 'माझं नाव म्हादू, माझं नाव म्हादू.' समोरून एक अनोळखी माणूस आला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, 'असू दे बाबा, मी कुठं नाही म्हणतोय?'"

म्हातारीने कपाळाला हात लावला.

साळूचे ओठ हलले. आधी खुदकन, मग पोट धरून ती हसली. हसता हसता तिला हुंदका फुटला आणि नणंदेच्या मांडीवर डोकं ठेवून ती कितीतरी वेळ रडली. नणंदही रडली.

मग डोळे पुसून साळू म्हणाली, "वन्सं, अजून एखादी सांगा ना."

"आधी चार घास खा. मग सांगते."

साळू जेवायला बसली. म्हातारी घसा खाकरून म्हणाली, "एकदा म्हादू माझ्या दारात शेळीशी भांडत होता, ते सांगू का?"

त्या दिवशी त्या घरात म्हादूचं नाव पुन्हा मोठ्याने घेतलं गेलं.

साळूचं दुःख संपलं नाही, पण ती उठली, घाणा चालवू लागली. पुढे गावात कुणाचं माणूस गेलं की साळू तिथे जाऊन बसे. आधी नुसती सोबत करी, रडणाऱ्याला रडू देई. मग योग्य वेळ पाहून हळूच विचारी, "त्यांची एखादी गंमत आठवते का हो?"

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या माणसांत वाटून घेतलेलं हसू दुःख पुसत नाही, पण ते सोसायचं बळ देतं.