पानावरचा हात

"पण एखाद्याने काही लिहिलंच नसेल तर?"

शर्वाणीने तिसऱ्यांदा विचारलं. मांडीवर दहा महिन्यांची लेक, गुडघ्यावर लॅपटॉप.

मठातल्या पाहुण्यांच्या जेवणाच्या यादीचा प्रोग्रॅम तिचा. बाळंतपणानंतरचं पहिलं काम. सकाळी एकाने 'काय जेवणार' हा रकाना भरला नाही, प्रोग्रॅम तिथेच अडला आणि साठ माणसं न्याहारीला ताटकळली. पुन्हा अडला तर आपली वहीच बरी, असं व्यवस्थापक बोलून गेले होते. पाहुण्यांची पंगत तासाभरावर आली होती.

"मग तू काय केलंस?" गोदाक्कांनी विचारलं. चाळीस वर्षं मठाच्या पंगतीला त्याच वाढत होत्या.

"तपासण्या घातल्या. नाव आहे का? असेल तर रकाना आहे का? असेल तर त्यात... दीडशे ओळी झाल्या, अक्का."

"तीन दिवसांसाठी बाळाची सात टोपडी आणणारी तूच ना?"

"...हो."

अक्कांनी भाताचं पातेलं उचललं. "चल मागून."

मठातल्यांची पंगत बसली होती. जेवताना मौन. अक्का कुणालाच विचारत नव्हत्या. पान आलं की भात, पान आलं की भात. एका आजोबांनी पानावर हात आडवा धरला. अक्का पुढे सरकल्या.

शर्वाणीचा चेहरा उजळला. "म्हणजे रिकामं दिसलं की सरळ वरणभात!" ती कुजबुजली.

"आजोबांचं पान?"

"तेही रिकामंच..."

"त्यावर हात होता."

शर्वाणीने आजोबांकडे वळून पाहिलं. मग खांबाला टेकून बसली. दीडशे ओळी पुसल्या, एक लिहिली: आधी माणसाने जे सांगितलं असेल ते, मग दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे 'काही सांगितलंच नसेल तर', मग वरणभात. 'काही नको' लिहिलेल्याला काही नको. न लिहिलेल्याला वरणभात.

दोनदा चालवून पाहिली. बरं, पाचदा.

प्रोग्रॅममधून पाहुण्यांच्या जेवणाच्या चिठ्ठ्या भराभर निघाल्या. शेवटच्या चिठ्ठीवर नाव होतं शर्वाणी. पुढे वरणभात.

"अगं बाई, माझाच रकाना राहिला!"

पाहुण्यांची पंगत बसली. अक्कांनी तिच्यापुढेही पान मांडलं. लेक कडेवर पेंगत होती.

"पण अक्का, समजा उद्या असा कुणी आला की..." ती पुढे वाकली, पानावर तळवा टेकून.

अक्कांचा भाताचा डाव वरच थांबला.

"आधी हात काढ."