तोमासाचा काळा घेवडा

ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची नाही, असे आजीने मला बजावले आहे. पण त्या वरच्या पायरीच्या शेताकडे बोट दाखवून तुम्हीच विचारलेत, की तिथला काळा घेवडा कोणी तोडून नेत का नाही. म्हणून सांगते.

दीडशे वर्षांपूर्वी अँडीजच्या कुशीतल्या आमच्या सान ओनोफ्रे गावात फार थोड्यांना वाचता येई. त्यामुळे मत घेवड्याच्या दाण्याने देत, असे सांगतात. दर चुलीमागे एक दाणा. एका उमेदवाराचा पांढरा, दुसऱ्याचा काळा. दाणे मातीच्या रांजणात पडत, आणि मोजणीपर्यंत तो रांजण तोमासाकडे राही. तिच्या जिभेवर कधी खोटे आले नव्हते.

त्या वर्षी पांढरा दाणा होता तिच्या धाकट्या भावाचा, लिसांद्रोचा. आईमागे तिनेच त्याला वाढवलेला. मोजणीच्या आदल्या दुपारी तो खेचरावरून आला आणि रांजणात डोकावला. दाणे बहुतेक काळेच होते.

"ताई, बाकी सगळीकडे बरोबरी आहे. आपल्याच गावाने पाडले, तर राष्ट्राध्यक्ष तो दुसरा होईल."

"गावाने पाडलेय ना? मग पड."

पण लिसांद्रो लहानपणी रडे तसा रडू लागला, म्हणे. तोमासाने काळे दाणे ओच्यात काढले आणि रांजण घरच्या पांढऱ्या घेवड्याने भरला.

"ते चुलीत घाल," जाताना तो म्हणाला.

चुलीपर्यंत ती गेलीही. पण आमच्याकडे बियाणे जाळत नाहीत. तिने ते वरच्या पडीक पायरीत पुरले.

लिसांद्रो राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे पाऊस झाला, आणि कोणी न पेरलेल्या त्या पायरीवर काळ्या घेवड्याचे वेल दाटून आले. खेचरवाला बाल्तासार भर चौकात म्हणाला, "मेलेल्यांनी मत दिल्याचे ऐकले होते बुवा, मत उगवलेले आजच पाहतोय!" सगळे हसले. त्यानंतर तोमासाकडे रांजण सोडाच, घराची किल्लीसुद्धा कोणी ठेवायला दिली नाही.

"वेल उपटून टाक," असा राजधानीहून निरोप आला. तिने उपटले नाहीत. पुढच्या मतदानाला ती टोपली घेऊन बांधावर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकेक काळा दाणा परत देऊ लागली. काहींनी घेतला. बरेच जण तसेच पुढे गेले.

पदावरून हाकललेला लिसांद्रो म्हातारपणी परतला, तेव्हा मतदानाच्या दिवशी तोही बांधावरच्या रांगेत येऊन उभा राहिला.

"ताई, तुझा दाणा तरी पांढरा होता ना गं?"

टोपलीतला एक काळा दाणा तोमासाने त्याच्या तळहातावर ठेवला.

आजही मतदानाच्या सकाळी तिच्या घरातली एक मुलगी त्या बांधावर उभी राहते. तो दाणा कोणी शिजवत नाही. मत देऊन आले की पुन्हा तिथेच पुरतात. यंदा टोपली माझ्याकडे आहे. दाणा देताना मान खाली ठेव, असे आजी सांगते. पण मला एकदा तरी लोकांच्या डोळ्यांत बघून विचारायचे आहे, की अजूनही तुम्ही आम्हाला माफ—

"इनेस! अगं, बोलत काय बसलीस? लोक बांधाशी येऊन थांबलेत!"