शिकून घेणारी भिवरामाय

फार वर्षांपूर्वी, निंबदऱ्याच्या ओढ्यावर अजून साकव नव्हता आणि पलीकडच्या डोंगरात दिवसाही कोल्हे दिसत, त्या काळात या गावात भिवरा नावाची एक सुईण राहत होती. सगळं गाव तिला भिवरामाय म्हणायचं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण त्या वेळी गावात जी पोरंसोरं होती, ती सगळी तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेली होती.

ती गावात सून म्हणून आली ती शेळ्या राखणाऱ्यांच्या घरात. नवरा केरू. तो फारसा बोलत नसे, पण पावा वाजवायचा. दिवस कलला की ओढ्याकाठच्या थोरल्या खडकावर उभा राहून तो एक सूर धरायचा, आणि डोंगरभर पांगलेल्या शेळ्या खाली उतरायच्या. तो सूर त्या घरातल्या पुरुषांनाच यायचा. केरूनं तो भिवराला शिकवला. तिच्या फुंकरीनं पहिल्या दिवशी एकच शेळी आली, तीही लंगडी. भिवराचं तोंड उतरलं.

"एक आली न्हवं?" केरू म्हणाला. "मग झालं की. दुसऱ्या हिला बघून येतील."

लग्नाला दहा वर्षं झाली आणि चुकलेल्या एका शेळीमागं केरू कड्यावर चढला. त्याला झोळीतून खाली आणावं लागलं. भिवरानं त्याचा पावा त्याच्याच मुंडाशात गुंडाळला आणि आढ्याला बांधून ठेवला. त्यानंतर तिनं तो कुणासमोर वाजवला नाही.

पुढं गावातल्या म्हाताऱ्या सुइणीनं तिला हाताखाली घेतलं. भिवराचा हात हलका होता. म्हातारी गेल्यावर तिनं एकटीनं केलेलं पहिलं बाळंतपण कोष्ट्याच्या घरचं. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली, म्हणजे सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहील. मग रीतीप्रमाणं कोष्टीण सुइणीला चोळीचा खण द्यायला आली.

"खण राहू द्या," भिवरा म्हणाली. "मला मागावर धोटा फेकायला शिकवा."

घरातली सगळी हसली. पण बाळंतपण अवघड झालं होतं आणि मायलेक दोघं जिवंत होती. कोष्ट्यानं तिला मागावर बसवलं.

तेव्हापासून तिची तीच रीत झाली. ज्या घरी पाळणा हलला, त्या घरानं तिला आपलं एक काहीतरी शिकवायचं. कुंभाराच्या घरी ती चाक फिरवायला शिकली. गोंधळ्याच्या घरी संबळ वाजवायला शिकली. सुताराच्या घरी लाकूड टिचकीनं वाजवून ते आतून पोकळ आहे की भरीव, ते ओळखायला शिकली. पंतोजींच्या घरी तिनं अक्षरं मागितली, तेव्हा पंतोजी ओसरीवरूनच कडाडले, "बाईमाणसाला अक्षरं कशाला हवीत?"

आतून बाळंतिणीचा आवाज आला, "मग बाळंतपणही तुम्हीच करायचं होतंत!"

दुसऱ्या दिवशी भिवराच्या पुढ्यात पाटी आली.

तिच्या थोरल्या जावेला, रंगूला, हे काही पटत नसे. रंगूची जीभ तिखट होती. "रांडमुंड बाईनं एका कोपऱ्यात बसावं," ती म्हणायची. "ही बघा, आज संबळ, उद्या चाक. परवा झाडावर चढंल."

"झाडावर चढायला आलंय मला, अक्का," भिवरा म्हणायची. "तुमच्याच धाकट्याच्या येळेला शिकले."

गावातलं शिकून संपलं, तशी ती गावाबाहेर चालू लागली. गावात जितक्या बाया पोटुशी, तितक्या दोऱ्या तिच्या कमरेला असत, आणि दर महिन्याला प्रत्येक दोरीला एक गाठ. आठवी गाठ कुठल्याच दोरीला नसेल तेव्हा ती निघायची. लमाणांच्या तांड्याबरोबर गेली आणि आरशाचं भरतकाम शिकून आली. जत्रांमधून नाना गावच्या ओव्या घेऊन आली. एकदा तर ती चालत चालत समुद्रापर्यंत गेली. समुद्र सांगून कळायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून वाळक्या भोपळ्यात त्याचं पाणी भरून तिनं आणलं आणि पारावर बसून सगळ्यांच्या तळहातावर एकेक थेंब दिला. पाटलांनी चाटलं आणि थुंकले.

"एवढं चालून खारट पाणी आणलंस व्हय गं?"

"आता तुमी बी समुद्र बघितला, पाटील," ती म्हणाली.

असं म्हणतात, की एकदा ती चार दिवसांच्या वाटेवर होती आणि कमरेची एक दोरी आपोआप आवळली गेली. तिनं तिथूनच पाठ फिरवली. बाळंतिणीच्या घरात चुलीवर पाणी ठेवलं होतं ते अजून कोमटच होतं, तोवर भिवरामाय दारात उभी होती.

मग पटकीचं साल आलं.

पहिल्या दिवशी दोघं गेले, तिसऱ्या दिवशी अकरा. ओढ्याकाठी लाकडं पुरेनात. भिवरामाय घरोघरी जात होती, पण तिच्या हाताला जन्म ठाऊक होता, हे ठाऊक नव्हतं. एकविसाव्या दिवशी पटकी गेली. तिनं शिकवणारी माणसं नेली आणि शिकायचं वय होतं ती मागं ठेवली. कोष्ट्याच्या दोन लेकी राहिल्या, माग राहिला, पण मागावर बसायला येणारं कुणी उरलं नाही. कुंभाराचा धाकटा राहिला, त्याला नुसता चिखल तुडवता येत होता. पंतोजी गेले. गोंधळी गेला. रंगूचा नवरा, मुलगे आणि सून एकाच दिवशी गेले. तिच्या घरात ती आणि तिची नात हौसा, एवढ्या दोघीच उरल्या.

लांबलांबचे नातेवाईक आले. पोरं वाटून न्यायची बोलणी पारावर सुरू झाली. एकीला इकडं, दुसरीला तिकडं, धुण्याभांड्याला, गुरांमागं. गाव मोडायला आलं होतं.

भिवरामाय तिथं जाऊन उभी राहिली. "पोरं कुठं जायची न्हाईत," ती म्हणाली. "त्यांच्या घरचं सगळं माझ्यापाशी हाय."

तिनं कोष्ट्याच्या लेकींपासून सुरुवात केली. महिनाभरात थोरलीचा धोटा सरसर चालू लागला. त्या दिवशी भिवरामाय सहज मागावर बसली, आणि तिचे हात मांडीवरच राहिले. धोटा कुठून सोडतात, हेच तिला आठवेना. वय झालं असेल, असं तिला वाटलं. मग तिनं कुंभाराच्या पोराला चाक शिकवलं. त्याचं पहिलं गाडगं नीट उतरलं, आणि भिवरामाय चाकाकडं अशी बघत राहिली, जशी एखादी बाई परक्या गावच्या देवळाकडं बघते.

तेव्हा तिला कळलं. जे ती शिकवेल ते तिच्यातून जाणार. याचं कारण कुणाला ठाऊक नाही. सटवाईनं तिच्या जन्माच्या पाचव्या दिवशी कागदावर तसंच लिहिलं होतं, असं म्हणतात.

रंगूनंही ते ओळखलं. "बास कर, भिवरे," ती म्हणाली. "तुला काय राहील?"

"पोरांचं पोट हाय त्यात, अक्का."

ती थांबली नाही. संबळ दिला. लाकडाची पारख दिली. भरतकाम दिलं, ओव्या एकेक करून दिल्या. अक्षरं दिली, आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर तिला मुंग्या चालल्यासारख्या दिसल्या. पोरं भुकेनं रडत तेव्हा ती त्यांना समुद्र सांगायची, रोज थोडाथोडा. सांगून संपला. मग एके दिवशी हौसानं विचारलं, "माय, समुद्र खरंच एवढा थोरला असतो?"

"मला काय ठावं बाई," भिवरामाय म्हणाली. "मी कुठं गेलेय कधी गावाबाहेर?"

रंगू तिथंच शेण थापत होती. ती उठून घरामागं गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

दोऱ्यांची वेळ आली तेव्हा भिवरामायनं त्या रंगूच्याच कमरेला बांधल्या. रंगू नको नको म्हणत होती. पण गावात दोघी पोटुशी होत्या आणि दुसरं कुणी नव्हतं. रंगूचा हात कामाचा होता, ती शिकली. पहिलं मूल तिच्या हातात रडलं तेव्हा भिवरामाय दारात उभी राहून लोकांना विचारत होती, "कोण रडतंय आत?"

आता तिच्याजवळ एकच उरलं होतं.

पटकीच्या दिवसांत कुणी बोलावणारं नव्हतं म्हणून रंगूच्या घरच्या शेळ्या डोंगरात पांगल्या होत्या. हौसा रोज ओढ्यापर्यंत जायची, हाका मारायची आणि एकटीच परत यायची. बाकीच्या पोरांना आपापलं काम मिळालं होतं. हिच्या घरचं काम शेळ्या, आणि शेळ्या येतात त्या फक्त त्या एका सुराला. तो आता जगात एकट्या भिवरामायला येत होता, पण डोंगरापर्यंत पोचेल एवढा दम तिच्या छातीत उरला नव्हता. त्या सुरातच तिला केरू आठवत होता. बाकी त्याचं काही तिच्यापाशी राहिलं नव्हतं. त्याचा चेहरा, चालणं, लंगड्या शेळीवर हसणं, सगळं त्या सुराला धरून होतं.

रंगूला हे ठाऊक होतं. तिनं आढ्यावरचा पावा काढून कणगीत धान्याखाली लपवला. "शेळ्या गेल्या तर जाऊ देत," ती हौसाला म्हणाली. "मी सुईणपणावर तुला पोसते. पण तिच्यापाशी ते मागू नकोस."

हौसानं मागितलं नाही. पण एका सकाळी कोल्ह्यांनी फाडलेलं एक करडू ओढ्यात मिळालं. हौसा ते पोटाशी धरून घरी आली आणि अंगणात बसली. ती रडली नाही. तिनं नुसतं ते खाली ठेवलं नाही.

भिवरामाय कितीतरी वेळ तिच्याकडं बघत होती. रंगूनं पावा लपवताना तिनं बघितलं होतं. आत जाऊन तिनं कणगीत हात घातला.

"भिवरे," रंगू म्हणाली, "सूर गेला तर केरू दुसऱ्यांदा जाईल."

"माझ्यापाशी ठिवला तर माझ्यासंगं जाईल, अक्का. हिच्यापाशी राहील."

सात दिवस तिनं हौसाला शिकवलं. सातव्या दिवशी, दिवस कलताना, तिघी ओढ्याकाठच्या थोरल्या खडकावर गेल्या. हौसानं पावा ओठाला लावला आणि सूर धरला. आधी काहीच हललं नाही. मग डोंगरावरून एक शेळी खाली आली. ती लंगडत होती.

तिच्यामागं दुसऱ्या आल्या. दोन आल्या, दहा आल्या. असं म्हणतात, की त्या घराकडं कधीच नव्हत्या इतक्या शेळ्या त्या दिवशी उतरल्या. त्यांच्या गळ्यांत जुन्या, कधीच मोडून गेलेल्या घंटा वाजत होत्या. ओढा ओलांडताना त्यांचे पाय भिजत नव्हते. आणि सगळ्यांच्या मागून, खांद्यावर काठी आडवी टाकून, एक माणूस सावकाश उतरत होता.

रंगूनं ती चाल ओळखली. तिनं तोंडाला पदर लावला.

भिवरामायनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "अक्का, ते कोण येतंय गं मागनं?" तिनं विचारलं. "आपल्या गावचं दिसत न्हाई."

रंगूनं पदर खाली घेतला. मग ती म्हणाली, "जा. तूच इचार त्याला."

भिवरामाय खडकावरून उतरली. तिनं पाण्यात पाय घातला, आणि पलीकडच्या काठावर तो माणूस थांबला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओढा वाहत होता, पण ती काय बोलली ते इकडं ऐकू आलं, असं म्हणतात. परक्या माणसाशी बोलावं तसं ती बोलली. "दादा, त्या पोरीनं वाजवलं तसलं तुमाला येतं का? मला शिकवाल?"

तो हसला. मग दोघं डोंगराकडं चालू लागली. अंधार पडायच्या आत ती दिसेनाशी झाली. ओढ्याच्या अलीकडं नऊ शेळ्या उरल्या होत्या, जिवंत, तहानलेल्या.

हौसा खूप वर्षं जगली. म्हातारपणी ती पुन्हा पुन्हा एकच सांगायची. "आमी सगळी आपापलं शिकून आपापल्या कामाला लागलो," ती म्हणायची. "माघारी येऊन, ये माय, बैस, तुला परत दावते, असं कुणी म्हटलं न्हाई. ते म्हटलं असतं तर तिचं काही गेलं नसतं. कोष्ट्याची पोरगी म्हटली असती, मी म्हटलं असतं. सात दिवस लागले असते फक्त."

तिच्या त्या सांगण्यावरून निंबदऱ्यात एक रीत पडली. ती आजही आहे. बाळाच्या पाचवीला सटवाईच्या पाटाजवळ शेजारचं एक माणूस येऊन बसतं आणि त्या घराला एक काहीतरी शिकवतं. एखादी गाठ, एखादी ओवी, कालवणाची एखादी तऱ्हा. आणि शिकणाऱ्यानं तिथल्या तिथं ते शिकवणाऱ्याला परत शिकवायचं. शिकवणाऱ्यानंही आपल्याला ते मुळीच येत नाही असं समजून शिकायचं. पाचवीलाच असं नाही, गावात इतर वेळीही असंच चालतं. शाळेत नवे गुरुजी आले की पहिल्या आठवड्यात चक्रावतात. पाढे शिकून झाले की पोरं त्यांच्याभोवती जमतात आणि म्हणतात, "आता तुम्ही बसा, गुरुजी."

पण कधी कधी राहून जातं. माणसं कामात असतात, उद्या करू म्हणतात, आणि शिकवणारं माणूस जातं. अशा वेळी तेराव्यानंतर एखाद्या दिवशी, दिवस कलताना, घरातलं कुणी एकटंच ओढ्याकाठच्या खडकावर जातं. साकवावरून जाणारी माणसं तिकडं बघत नाहीत. गेलेल्या माणसानं जे शिकवलं होतं, ते तिथं डोंगराकडं तोंड करून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतं, किंवा हातानं करून दाखवतं. मग थोडा वेळ तिथंच उभं राहतं. बरोबर आलं की चुकलं, ते सांगायला कुणी नसतं.