एकवीस पाट्या गाळ

एका गावात एक राजा होता आणि त्याला घाई फार होती. कसली घाई? गाव मोठं करायची. पाय जवळ घे गं, ऐक.

गाव लहानसं, पण मधोमध भलंथोरलं तळं. प्यायला तेच, धुवायला तेच, गुरांनाही तेच. आणि गावाची एक रीत होती, बरं का. बाहेरून कुणी राहायला आलं, की त्यानं आधी तळ्याच्या काठचा गाळ उपसायचा. मोजून एकवीस पाट्या. मगच चूल मांडायची. सावकार असो की भिकारी, सूट कुणालाच नाही.

राजा म्हणाला, "असलं चिखलकाम सांगितलं तर माणसं येतील कशी? रीत बंद!"

मग काय, माणसं झुंडीनं आली. राजानं खजिना उघडला आणि नवी वेस बांधली. उंचच उंच, वर नगारखाना. तळ्यावर धुणं धुणारी चिमा परटीण म्हणाली, "महाराज, तळं एक पायरी खाली गेलंय." राजा म्हणाला, "खाली काय बघतेस? वर बघ, वेस बघ!"

मग आणखी माणसं आली. दुसरी वेस झाली. चिमा म्हणाली, "महाराज, चार पायऱ्या." राजानं नगारा वाजवायला लावला. मग कसलं ऐकू येतंय!

मग आणखी आली. तिसरी वेस झाली आणि खजिना रिकामा झाला. चिमा म्हणाली, "महाराज, पायऱ्याच संपल्या." राजानं तिला वाड्याबाहेर हाकलून दिलं. मेल्याला लाज नाही वाटली. राजा झाला म्हणून काय झालं!

आणि एके दिवशी सकाळी बायका घागरी घेऊन गेल्या, त्या तिथेच थिजल्या. तळं नव्हतं! आटलं नव्हतं रे, नव्हतंच. नुसता खड्डा आणि त्यात काळाकुट्ट गाळ. खड्ड्यातून ओली पावलं निघाली होती, एकेक पाऊल बैलगाडीएवढं! थेट तिसऱ्या वेशीतून बाहेर गेलेली. बाई गं! माझ्या अंगावर अजून काटा येतो.

त्याच सकाळी चिमाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "पाणी तापवा." कुठलं पाणी? सगळ्या आळीत मिळून तांब्याभर निघेना. चिमानं घागर उचलली, तशीच राजवाड्यात गेली, राजाच्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "चला." राजाचे डोळे पांढरे झाले होते. मुकाट्यानं निघाला.

पावलांमागून दोघं चालत गेली. डोंगराच्या पायथ्याशी तळं बसलं होतं, अंग आखडून.

तळं म्हणालं, "माझ्या घरात गाळ साचला, मलाच जागा उरली नाही. इतकी माणसं बोलावलीस, त्यांचं पाणी ठेवू कुठे?"

राजा कसाबसा बोलला, "मजूर लावतो. पण खजिना..."

"खजिना मागितला का मी? पाटी उचल."

आणि तळ्यानं चिमाची घागर आपणहून भरून दिली.

चिमा घराकडे धावली. राजा खड्ड्यात उतरला. पाटी मिळेना, तेव्हा त्यानं डोक्यावरचा मुकुट उलटा केला आणि त्यात गाळ भरला. लोक आ वासून बघत राहिले. राजा! गुडघाभर चिखलात! मग जुने उतरले, नवे उतरले. घरटी एकवीस पाट्या. मुकुट पडला लहान, म्हणून राजाच्या खेपा झाल्या त्रेसष्ट. बरी खोड मोडली.

दिवेलागणीला जमीन हादरली. धप्प! धप्प! तळं परत येत होतं! आता अंग मोकळं सोडलेलं, तिसऱ्या वेशीत मावेना, म्हणून ती पाडूनच आत आलं आणि आपल्या जागी जाऊन बसलं. चिमाच्या घरातून टॅहॅ ऐकू आलं. नात झाली होती, आणि तिची अंघोळही झाली होती, कढत पाण्यानं.

पडलेल्या वेशीच्या दगडांतून राजानं तळ्याला आणखी पायऱ्या केल्या. पुढे राजाच्या घरी सून आली, शालू नेसून. काठावर चिमा पाटी घेऊन उभी. सून बिचारी सासऱ्याकडे बघायला लागली.

राजा म्हणाला, "एकवीस, सूनबाई. मी मोजतोय."

मग सगळी सुखानं नांदली. तळं आपल्या जागी निजलं, आता तुम्ही आपापल्या जागी निजा. मिटा डोळे.